फुगे कोठे उगवतात?

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात लहानपणापासून एक दंडक होता. मिरगाचा पाऊस लागल्यावर आजी सड्यावरून फुगे आणते, ते नेमके कोठून, हे शेजारच्या घरातही कळू द्यायचे नाही. आजी पहाटे खोपटात जावे तशी गुपचूप निघे, कमरेला कोयती आणि डोक्यावर इरले. परत येई तेव्हा ओच्यात सुपारीएवढे, काही लिंबाएवढे तपकिरी गोळे असत. ते चार पाण्यांनी धुवायचे, माती काढायची, अर्धे चिरायचे आणि आतून पांढरेशुभ्र निघाले तरच ओल्या खोबऱ्याच्या वाटपात शिजवायचे. त्या दिवशी घरात मासळी नसली तरी कोणी कुरकुर करीत नसे.

मी सातवीत असताना आजी मला प्रथम बरोबर घेऊन गेली. निघतानाच तिने बजावले, "गो, फुगे खंय गावतत ता कोणाक सांगा नको. पोरांक सांगलंस तर सगळो सडो खणून काढतले."

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आजीला सही येत नाही, आई चौथीपर्यंत शिकली. गेल्या वर्षी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी विषय निवडायचा होता तेव्हा वर्गातील बहुतेकांनी प्रदूषण आणि घनकचरा घेतला. मला मात्र आजीचे फुगे आठवले. ज्या गोष्टीची आमच्या घरात इतकी गुप्तता, तिच्याविषयी पुस्तकात काय लिहिले आहे हे पाहावेसे वाटले. गेल्या दोन पावसाळ्यांत मी जे वाचले, पाहिले आणि वहीत लिहिले, ते वाचकांपुढे ठेवते.

फुगा म्हणजे काय?

अळंबी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे छत्री येते. वर टोपी, खाली दांडा. टोपीच्या खालच्या बाजूस पापुद्रे असतात आणि त्यांवर बीजाणू तयार होऊन हवेत सुटतात. वनस्पतीला जसे बी, तसे कवकाला बीजाणू. फुग्यामध्ये हे सारे आतल्या आत घडते. बंद गोळ्यातच बीजाणू पिकतात. कोवळेपणी आतला गर पांढरा व घट्ट असतो. पुढे तो पिवळा, तपकिरी होत जातो आणि शेवटी त्याची कोरडी पूड होते. मग वरचे कातडे फाटते किंवा त्याला भोक पडते. त्यावर पावसाचा टपोरा थेंब आपटला की आतून धुरासारखा लोट निघतो. लहानपणी शाळेच्या वाटेवर असे वाळके फुगे लाथाडून 'धूर काढणे' हा आमचा खेळ होता.

तो खेळ वाटतो तितका निरुपद्रवी नाही, हे मला आता वाचून कळले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९९४ साली आमच्याच वयाच्या आठ तरुणांच्या फुफ्फुसांत फुग्याची पूड गेली आणि त्यांना न्यूमोनियासारखा आजार झाला. तेव्हा धाकट्या भावंडांना या खेळापासून दूर ठेवावे.

एका फुग्यात किती बीजाणू असावेत? कॅनडात काम करणाऱ्या ए. एच. आर. बुलर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी एका महाकाय फुग्याचा हिशेब केला. आकडा आला सुमारे ७ लाख कोटी! एवढे बीजाणू दरवर्षी उधळले जात असताना पृथ्वी फुग्यांनी भरून का जात नाही? कारण बीजाणूला रुजण्यासाठी नेमकी जागा लागते, आणि ती फार थोड्यांना मिळते. फुगे कोठे उगवतात हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

जाता जाता एक गंमत. यांतील एका गणाचे शास्त्रीय नाव 'लायकोपरडॉन' आहे. त्याचा ग्रीक भाषेतील अर्थ 'लांडग्याने सोडलेला वारा' असा होतो. शास्त्रज्ञ मंडळीही आमच्या वर्गातील मुलांइतकीच खोडकर असतात, हे वाचून मला बरे वाटले.

सडा, झाड आणि बुरशी

कोकणच्या किनाऱ्यावर जंगल म्हणजे एकच प्रकार नव्हे. पुळणीलगत लावलेले सुरूचे बन असते. त्याच्या मागे गाव, माड आणि आंबा-काजूच्या बागा. वर चढून गेले की जांभ्याचा सडा, त्यावर करवंदी, अंजनी, कुडा, मधूनच किंजळ आणि ऐन. कोठेतरी देवाची राई. शिवाय वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आता सर्वत्र दिसते. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे की जांभ्याला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली केरळातील अंगाडिपुरम येथील दगडावरून दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. या विटेसारख्या कातळावर मातीचा थर कोठे वीतभर, कोठे बोटभर. एवढ्याशा मातीत झाडाने जगायचे कसे?

येथे बुरशी झाडाच्या मदतीला येते. काही फुगे कुजलेल्या पाल्यावर, शेणावर किंवा लाकडावर जगतात. काही मात्र जिवंत झाडाच्या मुळांशी संधान बांधून राहतात. त्यांचे केसाहून बारीक तंतू मुळाच्या टोकांभोवती वेष्टन घालतात. मुळे पोहोचू शकत नाहीत तेथून पाणी व क्षार आणून देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक याने १८८५ साली या सहजीवनाला 'मायकोरायझा' म्हणजे 'कवक-मूळ' असे नाव दिले. वर दिसतो तो फुगा हे केवळ फळ. खरा संसार जमिनीखाली असतो.

झारखंडात 'रुगडा' आणि बस्तरात 'बोडा' या नावांनी असेच गोळे पावसाच्या आरंभी बाजारात येतात व मोठ्या किमतीला विकले जातात. ते सालाच्या झाडाखालीच मिळतात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर जांभ्या जमिनीतील गोळ्यांना कन्नडमध्ये 'कल्लणबे' म्हणतात, म्हणजे दगडी अळंबी. धिंगरी अळंबी पेंढ्यावर घरात वाढवता येते. यांचे तसे नाही. जिवंत मूळ नसेल तर हा फुगाही नाही.

माझी पहिली नोंद आणि तिची फजिती

गेल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने प्रकल्पात लिहिले, "फुगे सड्यावर पावसाळ्यात उगवतात. ते गोल व तपकिरी असतात." सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार फुगेही नेले. सरांनी पिशवी उघडली तर दोन दिवसांत आत पाणी सुटून सगळ्याचा काला झालेला आणि त्यात अळ्या वळवळत असलेल्या. वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली आणि विचारले, "सडा कोणता? पावसाळ्यातला दिवस कोणता? तू नसताना तुझी वही घेऊन दुसरा विद्यार्थी त्या जागी जाऊन उभा राहू शकेल का?"

तो प्रश्न मला फार लागला. घरी येऊन विचार केला तेव्हा ध्यानात आले की आजी माझ्यापेक्षा कितीतरी काटेकोर आहे. तिला तारखा ठाऊक नसल्या तरी ती म्हणते, मिरग सरून आर्दरा लागली की पहिले फुगे, आणि पुख लागेपर्यंत ते निबर होतात. मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेला लागते, आर्द्रा २२ जूनच्या सुमारास, पुष्य १९-२० जुलैच्या आसपास. म्हणजे आजीच्या हिशेबात फुग्यांचा हंगाम महिन्याभराचा. जागेच्या खुणाही तिच्याजवळ होत्या. मोडक्या गडग्यापासून किंजळीपर्यंत, कातळाला जेथे भेग आहे तेथे, उतरणीच्या अंगाला. नोंद तिच्याकडे होतीच, फक्त ती कागदावर नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात मी नव्याने सुरुवात केली. सरांनी शेजारच्या गावातील महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची गाठ घालून दिली. तेथील बाईंकडून मी जे शिकले ते थोडक्यात असे.

फुगा उपटण्याआधी जागेवरच त्याचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवून. तारीख आणि मागील दोन-चार दिवसांचा पाऊस लिहावा. फुगा मातीवर आहे, लाकडावर आहे की शेणावर, एकटा आहे की घोळक्याने, मातीच्या वर आहे की अर्धा गाडलेला, हे लिहावे. भोवतालच्या दहा पावलांतील झाडांची नावे लिहावीत, परंतु त्या रकान्याला 'जवळची झाडे' म्हणावे, 'यजमान झाड' म्हणू नये. मूळ उकरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून नाते ठरत नाही. मग फुगा उभा चिरावा आणि आतला रंग, कातड्याची जाडी, वास टिपावा. नमुना कागदाच्या पिशवीत घालावा, प्लॅस्टिकच्या कधीही नाही. तो मंद उबेवर, सुमारे चाळीस अंशांवर, पूर्ण कडकडीत होईपर्यंत वाळवावा. आमच्या पावसात ऊन कोठले? मी चुलीच्या वर, हाताला ऊब लागेल एवढ्या उंचीवर सूप टांगले आणि त्यात नमुने ठेवले. ते उत्तम वाळले. प्रत्येक पिशवीवर वहीतला क्रमांक घातला. क्रमांक नसलेला वाळका फुगा म्हणजे नुसता कचरा, असे बाई म्हणत.

जागा लिहिण्यासाठी फोनमधील अक्षांश-रेखांश फार उपयोगी पडतात. येथे भूगोलाचा अभ्यास कामी आला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे दोन अंक लिहिले तर सुमारे एक किलोमीटरचा प्रदेश कळतो. चार अंक लिहिले तर सुमारे अकरा मीटर, म्हणजे आमच्या घराच्या खळ्याएवढी जागा. झाडीत फोन काही मीटर चुकतो, म्हणून आजीच्या खुणाही शेजारी लिहिल्या. गडगा, भेग, उतरण. दोन्ही एकत्र असल्या की जागा चुकत नाही.

चार जागा

मी चार जागा निवडल्या. सुरूचे बन, ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड, काजूची बाग आणि आजीचा सडा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी मी त्या फिरले.

काजूच्या बागेत, कुजक्या पाल्यात, लहान पांढरे मऊ फुगे दोनदा आढळले. सुरूच्या बनात पाचही महिने काही मिळाले नाही. बाई म्हणाल्या, 'नाही' हेसुद्धा तारखेसह लिहायचे. कोणी पाहिलेच नाही आणि पाहून मिळाले नाही, यांत फरक आहे.

बाभळीच्या लागवडीत मात्र जुलैत भरपूर गोळे होते. माझा मामेभाऊ आनंदाने टोपली भरू लागला. मी एक चिरला. कातडे जाड, आत काळसर जांभळा गर आणि उग्र वास. तो 'स्क्लेरोडर्मा' निघाला. हा विषारी आहे, खाल्ल्यास उलट्या होतात. बाहेरून तो आजीच्या फुग्यासारखाच दिसतो. याहून मोठा धोका म्हणजे 'अमानिटा' जातीच्या विषारी अळंबीचा कोवळा कळा. तोही अंड्यासारखा गोल असतो, पण उभा चिरला की आत छत्रीची आकृती दिसते. आजी प्रत्येक फुगा अर्धा का चिरते, हे मला त्या दिवशी कळले. हा लेख वाचून कोणीही फुगे शिजवू नयेत. ते काम ज्यांच्या हाताला अनेक वर्षांची ओळख आहे त्यांचेच.

आजीच्या सड्यावर २६ जूनला पहिले फुगे मिळाले. अर्धे मातीत गाडलेले, घोळक्याने. काही मी मुद्दाम तसेच ठेवले. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर त्याच जागी गेले आणि थक्क झाले. फुग्यांचे बाहेरचे कातडे उकलून ताऱ्यासारख्या पाकळ्या झाल्या होत्या आणि मध्ये कागदी पिशवी होती. उन्हात त्या पाकळ्या मिटलेल्या होत्या. मी बाटलीतले पाणी ओतले तर थोड्या वेळात त्या पुन्हा उघडल्या. असे तारे कातळावर पडलेले मी लहानपणापासून पाहत आले होते. ते आणि आम्ही खातो ते फुगे एकच, हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते, आजीलाही नाही. तारीख लावून त्याच जागी पुन्हा गेले म्हणून ते कळले.

बाईंनी बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि गणाचे नाव सांगितले, 'ॲस्ट्रियस'. यातील एका जातीचे वर्णन पर्सून या शास्त्रज्ञाने १८०१ साली केले. ओलाव्यावर उघडणारा म्हणून त्याने तिला 'हायग्रोमेट्रिकस' म्हटले. पुढे २००४ आणि २००७ साली थायलंडमधील नमुन्यांवरून याच गणातील दोन वेगळ्या जाती जाहीर झाल्या. म्हणून बाईंनी माझ्या पिशवीवर फक्त गणाचे नाव लिहिले आणि जातीची जागा मोकळी ठेवली. नमुना जपलेला असला की जातीचे नाव पुढेही ठरवता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रा. आजरेकरांच्या नावाने कवकांचा मोठा संग्रह आहे. तेथे अशाच वाळलेल्या, क्रमांक घातलेल्या पिशव्या जतन केल्या जातात, हे ऐकून माझ्या सुपातील नमुन्यांबद्दल मला अभिमान वाटू लागला.

खाण

दिवाळीनंतर त्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली. जमीन आमची नव्हती. मालकाने ती दिली आणि आठ दिवसांत किंजळ, अंजनी, करवंदीच्या जाळ्या सर्व गेले. वीतभर मातीचा थर बाजूला ढकलून खाली यंत्राने चिरे कापू लागले. त्या खाणीत गावातील कितीतरी जणांना मजुरी मिळते, माझ्या चुलत्यांनाही. आमच्या घराच्या भिंतीही जांभ्याच्याच आहेत. तेव्हा खाणीला नुसती नावे ठेवून मी मोकळी होऊ शकत नाही. परंतु जेथे मूळच उरले नाही तेथे पुन्हा फुगा येणार नाही, हेही मला आता ठाऊक आहे.

मी आजीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माका वाटला, लपवन ठेवलंय तर ऱ्हवात."

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. मी आमच्या गावची वही पाहिली. तीत झाडे आहेत, औषधी वनस्पती आहेत, पक्षी आणि मासे आहेत. अळंबी एकही नाही. ती जागा वहीत असती तर खाण थांबली असती, असे मी म्हणत नाही. परंतु तेथे काय होते हे विचारायला तरी कोणी आले असते. ज्याची नोंदच नाही ते गेल्याचेही कोणाला कळत नाही. आता त्या सड्यावर फुगे होते याला पुरावा म्हणजे माझ्या वहीचे एक पान आणि वाळलेल्या फुग्यांची एक पिशवी.

मग आजीचे भय खोटे होते का? तेही नाही. जागा जाहीर झाली तर लोक येऊन सगळे खणून नेतील, हे खरेच आहे. बाईंना विचारले तेव्हा त्यांनी मार्ग सांगितला. नमुन्याच्या पिशवीवर आणि अभ्यासाच्या वहीत जागा पूर्ण लिहायची. लोकांसाठी छापायची असेल तेव्हा दशांशाचे दोनच अंक, किंवा नुसते तालुक्याचे नाव. शास्त्राला जागा ठाऊक राहते आणि बाजाराला कळत नाही.

हे मी आजीला समजावून सांगितले. तिने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्वतःच म्हणाली, "ऱ्हवलेले दोन जागे हत, ते लिवन ठेव. पण छापू नको." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. ती काठीने दाखवीत होती, मी लिहीत होते. फुग्यांचा हंगाम नव्हता, तरी मी गडगा, झाडे, उतरण आणि अंक लिहून घेतले. परत येताना तिने वही मागितली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "ह्यात माझा नाव हा?" मी तिला पान काढून दाखवले. 'माहिती देणार' या रकान्यात तिचे नाव होते. तिने त्यावरून बोट फिरवले.

या लेखात आमच्या गावाचे नाव आढळणार नाही, ते आजीला दिलेल्या शब्दामुळे. माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना मात्र एक विनंती आहे. आपल्यापैकी बहुतेकजण खेड्यांतून येतो. प्रत्येकाच्या घरी अशी एखादी आजी किंवा आजोबा असतील, ज्यांना एखादी जागा ठाऊक आहे. येत्या मृगात एक वही घ्या आणि त्यांच्याबरोबर चाला. वहीचे रकाने कसे आखावेत हे ज्यांना पाहायचे असेल, त्यांच्यासाठी मी कोऱ्या रकान्यांची एक प्रत भूगोल विभागात ठेवली आहे. रकाने सर्वांनी पाहावेत. भरलेली वही घरी आहे, आजीच्या पेटीत.